सामाईक समुद्राचा सरखेल : कान्होजी आंगरे

जमिनीला बांध घालता येतो, कुंपण उभारता येते, दप्तरात कुणाच्या तरी नावाची नोंद करता येते. समुद्राला यातले काहीच लागू पडत नाही. तरीही समुद्रावर पोट असणारे अनेक असतात. कोळी जाळे टाकतो, व्यापारी माल नेतो, सत्ताधीश जकात मागतो आणि या सर्वांच्या वाटा एकाच पाण्यातून जातात. ज्या समुद्रावर अनेक राज्यांचा डोळा असतो, तेथे तर कोणी कोठून जावे, कोणाला काय द्यावे आणि तंटा झाल्यास तो कोणापुढे मांडावा, हे ठरवणे अत्यंत बिकट होऊन बसते. अठराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत कोकण किनाऱ्यावर हा गुंता ज्या एका मराठी पुरुषाभोवती फिरत राहिला, त्याचे नाव सरखेल कान्होजी आंगरे. युरोपीय आरमारांना धूळ चारणारा दर्यावर्दी म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. मात्र त्यांच्या आयुष्यात लढायांइतकेच तहांना महत्त्व होते, आणि आजच्या काळाला त्यांच्याकडून शिकण्यासारखे बरेचसे या तहांच्या इतिहासात आहे.

खाडीच्या तोंडाशी

हा इतिहास ठाणे जिल्ह्याच्या आतल्या भागातील वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही. अंबरनाथचे आनंदनगर आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. तेथून समुद्र दिसत नाही. परंतु पाण्याची वाट वेगळी असते. अंबरनाथजवळच्या डोंगरांतून निघणारी वालधुनी प्राचीन शिवमंदिराच्या शेजारून उल्हासनगरात येते आणि पुढे कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. राजमाचीच्या परिसरात उगम पावलेली उल्हास कर्जत, बदलापूर असा प्रवास करीत आलेली असते. कल्याणनंतर तिची खाडी होते आणि वसईपाशी ती अरबी समुद्राला मिळते.

याच खाडीच्या काठी मराठी आरमाराचा पाया घातला गेला. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी घेतली आणि लवकरच तेथे लढाऊ जहाजे बांधण्यास प्रारंभ केला. या कामी पोर्तुगीज कारागिरांचे साह्य घेण्यात आले होते. रुई लैतांव व्हिएगस हा त्यांचा प्रमुख. अडचण अशी होती की, कल्याणची खाडी मराठ्यांची असली तरी तिचे तोंड त्यांचे नव्हते. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. ठाणे आणि साष्टीही त्यांच्याच अमलाखाली होती. कल्याणात बांधलेले जहाज समुद्रात न्यायचे, तर ते पोर्तुगीजांच्या तोफांखालून न्यावे लागे. उद्या हीच जहाजे आपल्यावर उलटतील, या भीतीने वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने व्हिएगस व त्याच्या सोबत्यांना गुपचूप काम सोडून जाण्यास भाग पाडले. काम मराठ्यांनी तरीही पुढे नेले. मात्र समुद्रात उतरणाऱ्याला शेजाऱ्याशी एक तर लढावे लागते किंवा बोलावे तरी लागते, हा धडा मराठी आरमाराला जन्मतःच मिळाला. तो ज्याने आयुष्यभर गिरवला, त्या कान्होजींचा जन्म अद्याप व्हायचा होता.

सुवर्णदुर्ग ते कुलाबा

कान्होजींचे घराणे मूळचे संकपाळ. आंगरवाडी या गावावरून ते आंगरे झाले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या सेवेत होते आणि त्यांची नेमणूक हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गावर होती. कान्होजींचा जन्म १६६९ चा मानला जातो. चहूबाजूंनी समुद्राने वेढलेल्या किल्ल्याच्या छायेत हा मुलगा वाढला. भरती-ओहोटी, वारा, खडक आणि कोळ्या-भंडाऱ्यांच्या होड्या हीच त्याची पाठशाळा ठरली.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि राजाराम महाराजांना जिंजीचा रस्ता धरावा लागला. कोकणातील किल्ले एकामागून एक मोगलांच्या किंवा त्यांच्या वतीने लढणाऱ्या जंजिऱ्याच्या सिद्दीच्या हाती जाऊ लागले. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूला वश होण्याच्या बेतात असता तरुण कान्होजींनी पुढाकार घेऊन किल्ला वाचवला, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. केंद्रसत्ता शेकडो कोस दूर असताना या तरुणाने किनाऱ्यावरील विखुरलेली माणसे गोळा केली, गेलेले किल्ले पुन्हा घेतले आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात आपले ठाणे बसवले. आरमारप्रमुख सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर, १६९८ च्या सुमारास, कान्होजी मराठी आरमाराचे सरखेल झाले.

त्यांच्या आरमारात मोठी गुराबे आणि वल्ह्यांवर वेगाने धावणारी चपळ गलबते असा दुहेरी मेळ होता. खोल समुद्रातील उंच युरोपीय जहाजांशी त्यांच्याच पद्धतीने झुंजण्याचा अट्टहास कान्होजींनी कधी केला नाही. वारा पडला की गलबतांनी गुराबे ओढून न्यायची, शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीला तोफा डागायच्या आणि प्रसंग बिकट होताच उथळ खाडीत शिरायचे, ही त्यांची रीत होती. कोळी, भंडारी, गाबीत, दालदी अशा किनाऱ्यावरच्या साऱ्या जमातींची माणसे या गलबतांवर होती. समुद्र ज्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होता, त्यांच्या ज्ञानावर हे आरमार उभे होते.

परवान्यांचा समुद्र

कान्होजींच्या काळातील कोकण किनाऱ्याचे चित्र डोळ्यांसमोर आणले की त्यांच्यापुढील पेच ध्यानात येतो. उत्तरेला सुरत हे मोगलांचे बंदर. दमण, वसई, चौल आणि दक्षिणेला गोवा पोर्तुगीजांचे. मुंबई १६६८ पासून इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीकडे. जंजिरा सिद्दीचा. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग मराठ्यांचे. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेली खांदेरी व उंदेरी ही जुळी बेटे या गुंत्याचे प्रतीकच म्हणावी लागतील. खांदेरीवर मराठ्यांचे निशाण, तर हाकेच्या अंतरावरील उंदेरीवर सिद्दीचे.

या पाण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्याला कोणाकोणाचे कागद जवळ बाळगावे लागत? पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासूनच परवान्याची पद्धत रूढ केली होती. त्यांचा कार्ताझ नसलेले जहाज ते जप्त करीत. इंग्रज स्वतःचे परवाने देत. सिद्दी मोगल बादशहाच्या नावाने समुद्र राखत असे. शिवकालापासून मराठेही कौल देत आले होते. कान्होजींनी ही पद्धत नेटाने राबवली. आपल्या किनाऱ्यासमोरून जाणाऱ्या जहाजाने आंगऱ्यांचे दस्तक घ्यावे, ठरलेली रक्कम भरावी आणि निर्धास्तपणे जावे. दस्तक नसलेले जहाज पकडून बंदरात आणले जाई. युरोपीय कागदपत्रांत कान्होजींना सर्रास समुद्री चाचा म्हटले गेले, ते यामुळेच. जी गोष्ट पोर्तुगीज राजाने केली की कायदा ठरे, ती मराठ्यांच्या सरखेलाने केली की दरोडा ठरे.

या व्यवस्थेमागे निव्वळ लुटीची दृष्टी नव्हती, याची साक्ष त्याच काळातील एका मराठी ग्रंथात मिळते. कोल्हापूरच्या गादीचे रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. कौल घेतलेल्या तरांड्यांना उपद्रव देऊ नये, सावकारांची ये-जा चालू ठेवावी, बेकौली तरांडे आढळल्यास ते दिलासा देऊन बंदरात आणावे आणि तेथे समजुतीने वाजवी हाशील घ्यावे, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. व्यापारी पळाला तर बंदर ओस पडते, हे किनाऱ्यावर राज्य करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. अर्थात प्रत्यक्ष व्यवहार नेहमी इतका सौम्य राहिला असे म्हणता येणार नाही. आंगऱ्यांच्या गलबतांचा धाक मोठा होता, पकडलेली माणसे महिनोन् महिने कैदेत राहत आणि खंडणीचा व्यवहारही होई. कान्होजींचे चरित्र सांगताना ही बाजू झाकण्याचे कारण नाही.

खरी अडचण परवाने अनेक असण्यात होती. प्रत्येक सत्ता स्वतःचा कागद वैध आणि दुसऱ्याचा अवैध मानीत होती. भरडला जात होता तो किनाऱ्यावरचा छोटा व्यापारी आणि नाखवा.

दोन वर्षांत तीन करार

१७१२ च्या अखेरीस कारवारहून मुंबईकडे येणाऱ्या जहाजांच्या तांड्यावर कान्होजींच्या गलबतांनी हल्ला केला. मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी याची सशस्त्र नौका त्यात सापडली. कंपनीच्या कारवार वखारीचा प्रमुख टॉमस चाऊन मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कॅथरिन इतर कैद्यांसह कुलाब्यात आणली गेली. मुंबईत हाहाकार उडाला. परंतु या प्रसंगाची परिणती युद्धात झाली नाही. दोन्ही बाजूंना त्या क्षणी शांतता हवी होती. कान्होजींना घाटावरून सातारकरांचे सैन्य येण्याची चाहूल लागली होती, तर मुंबईला आपला व्यापार वाचवायचा होता. फेब्रुवारी १७१३ मध्ये तह झाला. ३० हजार रुपये घेऊन गेलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या हवाली कैदी करण्यात आले. इंग्रजांच्या जहाजांना उपद्रव देऊ नये आणि त्यांनी रीतसर हाशील भरून आंगऱ्यांच्या बंदरांत यावे-जावे, असे ठरले. कंपनीसारख्या सत्तेने कान्होजींना या पाण्याचा एक वाटेकरी म्हणून मान्यता दिली, हा या तहाचा खरा अर्थ.

त्याच वर्षी दुसरा पेच उभा राहिला. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यापासून मराठी राज्यात दोन गाद्यांचा झगडा चालू होता आणि कान्होजी ताराबाईंच्या पक्षाला होते. शाहूंनी पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवले. कान्होजींनी पिंगळ्यांनाच कैद केले. लोहगड, राजमाची हे घाटमाथ्याचे किल्लेही त्यांच्या हाती गेले. उल्हास नदीच्या उगमापासून समुद्रापर्यंतच्या टापूवर त्यांची छाया पडली. या वेळी शाहूंनी तलवारीऐवजी माणूस पाठवला. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट हे कोकणातले, सिद्दीचा जाच सोसून घाटावर गेलेले आणि कान्होजींना परिचित. नोव्हेंबर १७१३ मध्ये पेशवेपद मिळालेल्या बाळाजींनी कान्होजींशी बोलणी केली आणि १७१४ च्या आरंभी समेट घडवून आणला. कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मान्य केले. सरखेल हे पद आणि २६ किल्ले त्यांच्याकडे राहिले. समुद्राचा कारभार किनाऱ्यावरच्या माणसाकडेच ठेवावा, हे साताऱ्याच्या दरबाराने या निमित्ताने स्वीकारले.

तिसरा करार पिढीजात शत्रूशी झाला. १७१५ च्या आरंभी, पेशवे आणि सरखेल एकत्र आलेले पाहून, सिद्दीनेही तह केला. सिद्दी आणि मराठे यांच्या सीमेवरील कित्येक गावांत दुअमल चाले, म्हणजे एकाच गावाच्या वसुलात दोघांचा हिस्सा असे. ही पद्धत रयतेला सोयीची होती असे नाही. तरीही ज्या भूमीवर कोणालाच पूर्ण ताबा मिळवता येत नाही, तेथे वाटणीचा नियम ठरवून जगावे लागते, हे त्या काळच्या कोकणाने अनुभवाने जाणले होते. कान्होजींच्या उरलेल्या हयातीत सिद्दीशी मोठे युद्ध झाले नाही.

अशा रीतीने अवघ्या दोन वर्षांत इंग्रज, सातारा आणि जंजिरा या तिन्ही दिशांना कान्होजींनी तह केले. किनाऱ्याला काही काळ स्वास्थ्य लाभले.

निशाणाचा तंटा

मात्र या व्यवस्थेत एक भगदाड राहून गेले होते. इंग्रजांशी झालेल्या तहात इंग्रजांच्या जहाजांना संरक्षण होते. पण इंग्रजांचे जहाज म्हणजे नेमके कोणते? मुंबई व सुरतेचे हिंदी व्यापारी आपला माल कंपनीच्या निशाणाखाली किंवा इंग्रज खासगी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून नेत असत. जहाज इंग्रजाचे आणि माल देशी व्यापाऱ्याचा, किंवा जहाज देशी आणि परवाना इंग्रजांचा, असे नाना प्रकार होते. कान्होजींचे म्हणणे असे की, तह कंपनीशी झाला आहे, या व्यापाऱ्यांशी नव्हे, सबब त्यांनी दस्तक घेतलेच पाहिजे. कंपनीचे म्हणणे असे की, आमच्या निशाणाखाली जे येते ते सर्व आमचे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्याला आधार होता. परंतु ज्यांच्या मालावरून हा वाद पेटला, ते व्यापारी तहाच्या वेळी कोणाच्याही गणतीत नव्हते. त्यांना कोणी विचारले नव्हते आणि त्यांच्यासाठी एकही कलम नव्हते.

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर होऊन आला आणि वारे फिरले. त्याने शहराभोवती तट उभारला, लढाऊ जहाजे बांधली आणि आंगऱ्यांचा बीमोड हे आपले ध्येय मानले. १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर इंग्रजांनी स्वारी केली. दोन्ही फसल्या. १७२० मध्ये तरंगता तोफखाना घेऊन विजयदुर्गावर पुन्हा चाल केली. तीही वाया गेली.

या युद्धाचा सर्वांत दुर्दैवी बळी मात्र समुद्रावर पडला नाही. रामा कामत हे मुंबईतील शेणवी समाजातले मोठे व्यापारी. वाळकेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनी केला होता. कंपनीच्या सैन्यासाठी भंडारी शिपाई जमवण्याच्या कामातही त्यांचा हात असे. खांदेरीच्या अपयशाचे खापर फोडण्यासाठी कोणी तरी हवे होते. कान्होजींशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप ठेवून १७२० मध्ये त्यांच्यावर खटला चालवण्यात आला. ज्या पत्रांच्या आधारे ते दोषी ठरले, ती बनावट असल्याचे पुढे दिसून आले. त्यांची मालमत्ता गेली आणि १७२८ मध्ये कैदेतच त्यांचा अंत झाला. दोन सत्तांच्या मधल्या पाण्यात व्यापार करणाऱ्या माणसाला दोन्ही तीरांवर ओळखी ठेवाव्याच लागतात. मैत्रीच्या काळात तो दुवा असतो, वैराच्या काळात तोच फितुरीचा पुरावा ठरतो. सीमेवरच्या मच्छीमारांची आणि नाखव्यांची गत आजही फारशी निराळी नाही.

१७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. कमोडोर टॉमस मॅथ्यूज याच्या हाताखाली इंग्लंडच्या राजाची चार युद्धजहाजे होती. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय जातीने आला होता. सुमारे सहा हजारांची संयुक्त फौज अलिबागवर चालून गेली. परंतु दोन मित्रांचे हेतू एक नव्हते आणि परस्परांवर भरवसाही नव्हता. कुलाब्याच्या तटावरील हल्ला परतवला गेला. शाहूंच्या आज्ञेने घाटावरून मराठी घोडदळ आले आणि तरुण बाजीराव पेशवे रणांगणावर दाखल झाले. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह केला. इंग्रजांना या बोलण्यांत स्थान नव्हते. संतापलेला मॅथ्यूज रिकाम्या हाताने परतला. दोन वर्षांनी, १७२४ मध्ये, डचांनीही विजयदुर्गावर नशीब आजमावून पाहिले आणि तेही माघारी गेले.

शेवटची वर्षे

एवढ्या विजयांनंतर एखादा सेनानी उन्मत्त झाला असता. कान्होजींनी मात्र इंग्रजांशी बोलण्याचे दार बंद केले नाही. १७२४ मध्ये मुंबईचा नवा गव्हर्नर विल्यम फिप्स याच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. कैद्यांची सुटका आणि सलोखा हा त्याचा विषय होता. फिप्सने त्यांच्यावर लुटारूपणाचा ठपका ठेवला. कान्होजींनी त्याला शांतपणे उत्तर दिले. दुसऱ्याचे घेऊन स्वतःचे वाढवण्याच्या हव्यासातून व्यापारीही सुटलेले नाहीत, याची त्यांनी आठवण करून दिली आणि तहाची तयारी दर्शवली. त्यातून निष्पन्न काही झाले नाही. दस्तकाचा हक्क सोडण्यास कान्होजी राजी नव्हते आणि तो मान्य करण्यास कंपनी तयार नव्हती.

१७२७ मध्ये अंजनवेलच्या सिद्दी साताने चिपळूणजवळचे परशुरामाचे देवस्थान उद्ध्वस्त केले. एका हत्तीच्या वाहतुकीवरून हा तंटा उद्भवला होता. ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर हे कान्होजींचे आणि पेशव्यांचेही गुरू. त्यांच्या देवस्थानावर आलेला हा घाला जिव्हारी लागणारा होता. सिद्दीवर तत्काळ शस्त्र उपसावे, असा प्रसंग होता. कान्होजींनी मध्यस्थीचा मार्ग धरला आणि लुटलेला ऐवज परत मिळवून देण्यासाठी खटपट केली. धर्माभिमानात ते उणे होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु जंजिऱ्याशी युद्ध पेटले तर सारा किनारा होरपळेल, हे त्यांना दिसत होते.

४ जुलै १७२९ रोजी अलिबाग येथे कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी तेथे आहे. थोरले पुत्र सेखोजी यांनी काही वर्षे कारभार सांभाळला. १७३३ मध्ये तेही वारले आणि आंगऱ्यांच्या घरात भाऊबंदकी माजली. कुलाबा मानाजींकडे, तर विजयदुर्ग संभाजींकडे अशी आरमाराची दोन शकले झाली. पुढे विजयदुर्गावर तुळाजी आले. त्यांचे आणि पेशव्यांचे बिनसले, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. बाळाजी विश्वनाथांनी जो प्रश्न बोलणी करून सोडवला होता, तो त्यांच्या नातवाने परक्या आरमाराच्या बळावर सोडवू पाहिला. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंगऱ्यांची जहाजे जळून खाक झाली. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर कंपनीला तोडीस तोड उत्तर देणारे आरमार मराठ्यांकडे उरले नाही.

मागे उरलेला प्रश्न

स्वतंत्र भारताच्या नौदलाने कान्होजींची स्मृती जपली. मुंबईतील नौदल तळाला १९५१ पासून आयएनएस आंग्रे हे नाव आहे. खांदेरी आता कान्होजी आंग्रे बेट म्हणून ओळखले जाते. मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग यांचा समावेश आहे. या गौरवाने मराठी मन सुखावते, आणि ते योग्यच आहे. परंतु कान्होजी ज्या प्रश्नाशी झुंजले, तो सुटलेला नाही.

आता समुद्राच्या सीमा आंतरराष्ट्रीय कायद्याने आखल्या गेल्या आहेत. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाचे सार्वभौमत्व आणि २०० मैलांपर्यंत साधनसंपत्तीवरचा हक्क १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी करारात मान्य झाला आहे. मासे आणि वारा ही रेषा पाळत नाहीत. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे पालघर जिल्ह्यातील तरुण नकळत रेषा ओलांडतात आणि पाकिस्तानच्या तुरुंगात खितपत पडतात. त्याच जिल्ह्यात वाढवण येथे होणाऱ्या मोठ्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. आपल्या मासेमारीच्या क्षेत्राचे काय, असा प्रश्न तेथील मच्छीमार विचारीत आले आहेत. जहाजांचे मार्ग, तेलविहिरी, मासेमारी, वाळू, पर्यटन आणि संरक्षण या सर्वांना एकाच पाण्यात जागा हवी आहे. म्हणूनच सागरी क्षेत्राचे एकत्रित नियोजन ही कल्पना जगभर पुढे आली. भारताने २०१९ मध्ये नॉर्वेशी सागरी सहकार्याचा करार केला आणि त्यातून लक्षद्वीप व पुदुच्चेरी येथे अशा नियोजनाचे प्रायोगिक काम हाती घेण्यात आले. नकाशावर रंग भरणे हा या कामाचा सोपा भाग आहे. बैठकीला कोणाकोणाला बोलवायचे, हा अवघड भाग आहे.

कान्होजींच्या आयुष्यातून याबाबत एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या तहात समोरच्याला वाटेकरी मानले गेले, तो काही काळ तरी टिकला. ज्या तहात कोणाला तरी वगळले गेले, तेथे त्या वगळलेल्याच्या मालावरूनच युद्ध पेटले. बाळाजी विश्वनाथ कान्होजींशी समेट करू शकले, कारण त्यांना किनाऱ्यावरचे जीवन ठाऊक होते. बून ते करू शकला नाही, कारण त्याच्या लेखी समोरचा माणूस केवळ चाचा होता. आणि १७१३ च्या तहात देशी व्यापाऱ्यांसाठी एखादे स्वच्छ कलम असते, तर कदाचित रामा कामतांचा अंत बंदीगृहात झाला नसता.

या वाटेकऱ्यांत समुद्र न दिसणारी माणसेही येतात. वालधुनी आणि उल्हास यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, तो यामुळेच. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांतून आणि उल्हासनगरच्या नाल्यांतून जे पाणी वाहते, ते कल्याणच्या त्याच खाडीतून वसईच्या समुद्राकडे जाते आणि तेथल्या कोळ्याच्या जाळ्याला लागते. साडेतीनशे वर्षांपूर्वी या खाडीतून महाराजांची जहाजे निघाली, तेव्हा खाडीच्या तोंडावर बसलेल्याची मर्जी सांभाळावी लागत होती. आज तोंडावर बसलेला कोळीच वरच्या अंगाला राहणाऱ्यांकडे पाहतो आहे. समुद्राच्या नियोजनाची बैठक भरेल, तेव्हा वसईच्या नाखव्याबरोबर आनंदनगरच्या कारखानदाराने आणि कामगारानेही तेथे बसायला हवे.